छोट्या प्राण्यांतील हाडांच्या गाठी : अणुचित्रणाची पद्धत कशी निवडावी

हाडात वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत एकाच वेळी दोन घडामोडी चालू असतात. एकीकडे कर्कपेशी वाढत असतात. दुसरीकडे त्यांच्यामुळे हाड झिजते, किंवा वेडेवाकडे नवे हाड तयार होते. अणुचित्रणात प्राण्याच्या शिरेतून किरणोत्सारी अणू जोडलेला पदार्थ अत्यल्प मात्रेत सोडतात आणि तो कुठे साठतो ते बाहेरून टिपतात. या पदार्थाला ट्रेसर म्हणतात. काही ट्रेसर हाडाची प्रतिक्रिया दाखवतात, तर काही पेशींची वाढ. त्यामुळे अणुचित्रणाच्या पेट आणि स्पेक्ट या दोन पद्धतींपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्याला गाठ पाहायची आहे की गाठीने हाडाचे काय केले ते पाहायचे आहे, हे आधी ठरवावे लागते. हे न ठरवता यंत्राची वेळ घेतली, तर चित्रे सुंदर येतात आणि प्रबंधातल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

प्राण्याचे नमुनेही याच अंगाने वेगवेगळे आहेत. ऑस्टिओसार्कोमासाठी बाल्ब-सी जातीच्या माऊसमध्ये के७एम२ पेशी किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या न्यूड माऊसमध्ये १४३बी पेशी नडगीच्या हाडात टोचतात. दोन्हींत पुढे फुफ्फुसात गाठी पसरतात. स्तनाच्या कर्करोगाची हाडातली पसरण अभ्यासायची असेल, तर एमडीए-एमबी-२३१ पेशी हृदयाच्या डाव्या कप्प्यात सोडतात. या पेशी हाड पोखरतात. प्रोस्टेटच्या पीसी-३ पेशीही हाड पोखरणाऱ्याच आहेत. सी४-२बी पेशींच्या गाठीत मात्र पोखरणे आणि नवे हाड घालणे, दोन्ही दिसते. हाड पोखरणारी गाठ आणि हाड घालणारी गाठ एकाच ट्रेसरने पाहिली, तर एक ठळक आणि दुसरी जवळजवळ अदृश्य राहू शकते.

हाडाची प्रतिक्रिया दाखवणारे ट्रेसर

या गटातला सर्वांत जुना, स्वस्त आणि विश्वासाचा ट्रेसर म्हणजे टेक्नेशियम-९९एम जोडलेले मिथिलीन डायफॉस्फोनेट. दवाखान्यातल्या भाषेत एमडीपी. १९७० च्या दशकापासून माणसांच्या बोन स्कॅनचा तो आधार आहे. हा फॉस्फोनेट नव्याने घातल्या जाणाऱ्या खनिजाच्या पृष्ठभागाला चिकटतो. रक्तपुरवठा जास्त आणि हाडाची उलाढाल जास्त, तिथे तो जास्त साठतो. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे असून त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. गॅमा कॅमेऱ्याला ही ऊर्जा अगदी सोयीची आहे.

याच कामासाठी पेट यंत्रावर वापरायचा ट्रेसर म्हणजे फ्लोरीन-१८चे सोडियम फ्लोराइड. हाडातल्या हायड्रॉक्सिअॅपटाइट खनिजातील हायड्रॉक्सिल आयनाची जागा फ्लोराइड घेते आणि तिथेच बसून राहते. एमडीपी काही प्रमाणात रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते. फ्लोराइडचे तसे होत नाही. त्यामुळे ते रक्तातून लवकर निघून जाते, पार्श्वभूमी स्वच्छ होते आणि टोचल्यावर सुमारे तासाभरात चांगले चित्र मिळते. हाड आणि भोवतालचा भाग यांतला फरक फ्लोराइडच्या चित्रात अधिक ठळक असतो.

मात्र दोन्ही ट्रेसर कर्कपेशी दाखवत नाहीत. गाठ केवळ हाड पोखरत असेल आणि दुरुस्तीचा प्रयत्न क्षीण असेल, तर तिच्या जागी फिका ठिपका किंवा चक्क रिकामी जागा दिसते, आणि कडेने बारीक चमकदार रेघ. उपचारानंतर याच्या उलट घडू शकते. औषधाने गाठ मेली, हाड भरून येऊ लागले की ट्रेसरचे प्रमाण वाढते आणि आजार बळावल्याचा भास होतो. औषधाचा परिणाम मोजण्यासाठी केवळ एमडीपी किंवा केवळ फ्लोराइड वापरणे म्हणून धोक्याचे आहे.

गाठीच्या पेशी दाखवणारे ट्रेसर

फ्लोरीन-१८ जोडलेला एफडीजी हा ग्लुकोजसारखा रेणू. पेशीत शिरतो, फॉस्फेट जोडून घेतो आणि पुढे न मोडता अडकून राहतो. भरभर वाढणाऱ्या कर्कपेशी तो जास्त ओढून घेतात. पोखरणाऱ्या गाठींत आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद लवकर ओळखण्यात एफडीजी सरस आहे. त्याचा दोष असा की दाह झालेल्या ऊतीही तो ओढतात. नडगीत सुई घातल्यावर पहिले काही दिवस तिथला एफडीजी गाठीचा की जखमेचा, हे सांगता येत नाही.

विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे ट्रेसर अधिक नेमके असतात, पण ती पेशी ते प्रथिन बाळगते की नाही याची खात्री आधी करावी लागते. प्रोस्टेटसाठी गाजलेला, पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारा गॅलियम-६८चा ट्रेसर सी४-२बी गाठीत चमकतो. पीसी-३ पेशींत पीएसएमए जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिथे तो काही दाखवणार नाही. पेशींत सोडियम-आयोडाइड वाहक प्रथिनाचे जनुक घालून त्या टेक्नेशियम पर्टेक्नेटेटने किंवा किरणोत्सारी आयोडीनने पाहणे हा आणखी एक मार्ग आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत या वाहक प्रथिनावर संशोधन झालेले आहे. या मार्गाचा फायदा असा की टोचलेल्या पेशीच दिसतात, हाडाची प्रतिक्रिया मधे येत नाही. थायरॉइड आणि जठर मात्र नैसर्गिकरीत्याच चमकतात, आणि मानेच्या मणक्यांतली गाठ त्यात झाकली जाऊ शकते.

हाडाच्या अभ्यासात एक सापळा विशेष लक्षात ठेवावा असा आहे. ट्रेसरमधून सुटा झालेला किरणोत्सारी अणू स्वतःच हाडात जाऊन बसू शकतो. फ्लोरीन-१८ जोडलेला रेणू शरीरात तुटला, तर सुटे फ्लोराइड थेट हाडात जाते. प्रतिपिंडांना जोडलेले झिर्कोनियम-८९ सुटले, तर तेही हाडात जाते. सुटे ल्युटेशियम-१७७ सुद्धा. इतर अवयवांच्या गाठी पाहताना हा दोष किरकोळ ठरतो. हाडाच्या गाठीत मात्र नेमका निष्कर्षच बिघडतो. गाठ नसलेल्या प्राण्यांचा एक गट त्याच ट्रेसरने पाहणे आणि त्यांचे हाड किती चमकते हे नोंदवणे एवढीच यावरची खरी तपासणी. एमडीपीच्या बाबतीत उलट खूण असते. थायरॉइड आणि जठर चमकले, तर किटमध्ये टेक्नेशियम नीट बांधले गेले नाही असे समजावे आणि ती कुपी बाद करावी.

पेट आणि स्पेक्ट यंत्रांची तुलना

माऊसचे वजन २० ते २५ ग्रॅम. त्याच्या मांडीचे हाड सुमारे दीड सेंटिमीटर लांब आणि मधल्या दांड्याशी दीड-दोन मिलिमीटर जाड. रुग्णालयातल्या पेट यंत्राला चार ते सहा मिलिमीटरपेक्षा लहान तपशील सुटा दिसत नाही. अशा यंत्रात माऊसचे अख्खे हाड एक धूसर डाग होते. म्हणून छोट्या प्राण्यांसाठी वेगळी यंत्रे लागतात.

स्पेक्टमध्ये गॅमा किरण कुठून आला हे कळण्यासाठी शिशाच्या किंवा टंगस्टनच्या पडद्यातली बारीक छिद्रे वापरतात. प्राणी छिद्राच्या अगदी जवळ आणि कॅमेरा लांब, अशा रचनेमुळे प्रतिमा मोठी पडते. अनेक छिद्रांच्या चांगल्या यंत्रांत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान तपशील दिसतो. याची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागते. बहुतेक किरण पडद्यात अडतात, हजारातला एखाद-दुसराच नोंदला जातो. त्यामुळे माऊसला २० ते ४० मेगाबेक्वेरेलपर्यंत मात्रा द्यावी लागते आणि चित्रणाला अर्धा ते एक तास लागतो.

पेटमध्ये पडदा नसतो. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो तेव्हा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण विरुद्ध दिशांना जातात. दोन्ही एकाच क्षणी टिपले की त्यांची रेषा ठरते. शंभरातल्या काही घटना नोंदल्या जातात, म्हणजे स्पेक्टच्या अनेक पटींनी जास्त. ५ ते १० मेगाबेक्वेरेल फ्लोरीन-१८ पुरते आणि स्थिर चित्र १० ते २० मिनिटांत होते. पहिल्या मिनिटापासून ट्रेसर हाडात कसा शिरतो याची सलग नोंद हवी असेल, तर पेटच अधिक सोयीचे. सुस्पष्टता मात्र एक ते दोन मिलिमीटरच्या आसपास थांबते, अगदी चांगल्या यंत्रांत त्याहून थोडी खाली जाते. पॉझिट्रॉन नष्ट होण्यापूर्वी ऊतीत थोडे अंतर चालतो, ही मर्यादा निसर्गाचीच आहे. फ्लोरीन-१८च्या बाबतीत हे अंतर सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडे वर असते. गॅलियम-६८चे पॉझिट्रॉन कित्येक पट लांब जातात. माऊसच्या नडगीतली छोटी गाठ गॅलियमने पाहणे म्हणूनच कठीण पडते. रॅटमध्ये हीच अडचण बरीच सुसह्य होते.

स्पेक्टची एक ताकद क्वचितच वापरली जाते. वेगवेगळ्या ऊर्जेचे दोन अणू एकाच वेळी वेगळे ओळखता येतात. टेक्नेशियमचे एमडीपी हाडासाठी आणि इंडियम-१११ जोडलेले प्रतिपिंड गाठीसाठी, असे दोन्ही एकाच प्राण्यात, एकाच सत्रात पाहता येतात. वर म्हटलेल्या दोन घडामोडींचा एकत्र अभ्यास करायचा तर हा मार्ग पेटपेक्षा सरळ आहे. मात्र इंडियमचे विखुरलेले किरण टेक्नेशियमसाठी ठरवलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यात शिरतात, त्यांची दुरुस्ती करावी लागते.

आकडे काढताना दोन्ही पद्धतींत एक चूक हमखास होते. यंत्राच्या सुस्पष्टतेच्या दुप्पट-तिप्पट आकारापेक्षा गाठ लहान असेल, तर तिची चमक आजूबाजूला सांडते आणि मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. गाठ तेवढीच क्रियाशील राहून फक्त मोठी झाली तरी आकडा वाढतो. आकारमान सीटीवर मोजून, ज्ञात आकाराच्या नळ्या भरून केलेल्या फँटम चाचणीतून दुरुस्तीचा गुणांक काढावा. तो न काढता दोन वेगवेगळ्या आठवड्यांच्या आकड्यांची तुलना केली, तर तिला फारसा अर्थ उरत नाही. सीटी जोडलेले यंत्र निवडणे याचसाठी गरजेचे ठरते. शिवाय हाड कुठे पोखरले आहे हे सीटीच दाखवते.

प्राण्याची तयारी

यंत्राइतकाच परिणाम प्राण्याच्या हाताळणीचा होतो, आणि इथला निष्काळजीपणा नंतर कोणत्याही गणिताने भरून निघत नाही. एफडीजी देण्यापूर्वी माऊसला चार ते सहा तास उपाशी ठेवतात, पाणी चालू ठेवतात आणि रक्तातली साखर नोंदवतात. प्राणी गार पडला की खांद्यांमधली तपकिरी चरबी एफडीजी ओढून घेते, आणि मणक्यांतली गाठ शोधणे अवघड होते. म्हणून टोचण्यापूर्वी अर्धा तास आणि नंतरही त्याला उबेत ठेवावे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत प्राणीगृहाचे तापमान राखले नाही, तर हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले स्कॅन एकमेकांशी जुळणार नाहीत. बेशुद्धीसाठी एक ते दोन टक्के आयसोफ्लुरेन वापरतात. प्रत्येक प्राण्याला भूल किती वेळ दिली तेही लिहून ठेवावे.

तरुण माऊसच्या गुडघ्याशी हाडाची वाढ चालू असते. तिथे एमडीपी आणि फ्लोराइड दोन्ही जोरात साठतात, नेमकी जिथे पेशी टोचायच्या त्याच जागी. त्यामुळे वयाने थोडे मोठे प्राणी घेणे बरे. सुईने पडलेले छिद्र भरून येतानाही ट्रेसर ओढते. म्हणून दुसऱ्या पायाच्या नडगीत पेशींविना तेवढेच द्रव टोचावे आणि दोन्ही पायांचे गुणोत्तर काढावे. साधा निरोगी पाय तुलनेला घेतलेले शोधनिबंध वाचताना ही त्रुटी लक्षात घ्यायला हवी.

माऊसला शिरेतून एका वेळी ०.१ ते ०.२ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव देऊ नये. टोचताना काही भाग शेपटीतच राहिला, तर पूर्ण मात्रा मिळाली असे धरून काढलेले सगळे आकडे चुकतात. त्यामुळे दर वेळी शेपूटही चित्रात घ्यावी. मूत्राशय भरलेले असेल, तर कटिबंधाची हाडे झाकली जातात. चित्रणापूर्वी ते रिकामे करून घ्यावे.

नाशिकहून काम करायचे तर

महाराष्ट्रात या शास्त्राची साधने मुंबई परिसरात एकवटली आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र परळला १९६३ मध्ये सुरू झाले आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच कार्यान्वित झाला. टेक्नेशियमचे जनित्र आणि एमडीपीच्या किट वाशीच्या ब्रिट या संस्थेकडून परवानाधारकांना मिळतात. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये छोट्या प्राण्यांच्या पेट, स्पेक्ट आणि सीटी चित्रणाची सोय उभारलेली आहे. नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांची प्राणीगृहे आहेत, रुग्णांसाठी पेट-सीटी केंद्रेही आहेत. माऊसच्या हाडासाठी ती पेट यंत्रे उपयोगाची नाहीत, याचे कारण वर आलेच आहे.

ट्रेसर नाशिकला आणावा की प्राणी मुंबईकडे न्यावेत? कुपी भरल्यापासून कसारा घाट चढून नाशिकच्या प्रयोगशाळेत मोजेपर्यंत चार तास धरू. टेक्नेशियम-९९एमचा सुमारे ६३ टक्के भाग शिल्लक राहील, फ्लोरीन-१८चा २२ टक्के आणि ६८ मिनिटांच्या अर्धायुष्याच्या गॅलियम-६८चा जेमतेम ९ टक्के. फ्लोरीनचा उरलेला भागही माऊसना पुरेल, पण पुढे छोट्या प्राण्यांचे पेट यंत्रच नाही. टेक्नेशियमची गोष्ट वेगळी आहे. जनित्रात ते ज्यापासून तयार होत राहते त्या मॉलिब्डेनम-९९चे अर्धायुष्य ६६ तासांचे असल्याने जनित्रच नाशिकला ठेवता येते. आठवड्याने त्याची ताकद १७ टक्क्यांवर येते, आणि माऊसच्या ०.१ मिलिलिटरमध्ये पुरेशी मात्रा बसत नाही. म्हणून माऊसचे स्पेक्ट जनित्र ताजे असताना, पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावे.

रॅटसाठी मात्र मध्यम मार्ग आहे. रॅट २०० ते ३०० ग्रॅमचा असतो. साध्या गॅमा कॅमेऱ्याला एका छिद्राचा पडदा (कोलिमेटर) लावून एमडीपीचे सपाट चित्र घेतले, तरी एका पायाची दुसऱ्याशी तुलना नीट होते. खोली कळत नाही, पण प्राथमिक चाचणीला हे पुरते. रुग्णांच्या यंत्रावर प्राणी घेण्यापूर्वी रुग्णालयाची आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी संमती, वेगळी वेळ आणि निर्जंतुकीकरण या गोष्टी टाळता येत नाहीत.

पेट किंवा बारीक स्पेक्ट हवेच असेल, तर गाठ मुळात चित्रण जिथे होणार तिथेच वाढवणे सर्वांत चांगले. न्यूड माऊस प्रवासात संसर्गाला बळी पडतात, आणि पोहोचल्यावर आठवडाभर सरावू दिल्याशिवाय त्यांचे आकडे भरवशाचे नसतात. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. काम दोन संस्थांत होणार असेल, तर दोन्ही समित्यांकडे तोच आराखडा सुरुवातीलाच द्यावा. किरणोत्सारी पदार्थ ठेवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना वेगळा. या परवानग्यांना लागणारा वेळ प्रबंधाच्या वेळापत्रकात आधीच धरलेला असावा.

चित्रण की विच्छेदन

भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला ल्युटेशियम-१७७ जोडलेले ईडीटीएमपी विकसित केले. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना शमवणारे हे औषध. त्याचा पाया विस्टार जातीच्या रॅटमधल्या वितरण-अभ्यासावर उभा आहे. ठरावीक वेळी प्राणी मारून हाड, रक्त, यकृत आणि मूत्रपिंड वेगळे मोजायचे आणि टोचलेल्या मात्रेचा किती टक्के भाग कुठे गेला ते काढायचे, अशी ही पद्धत. ल्युटेशियमचे अर्धायुष्य साधारण ६.६५ दिवसांचे आहे, आणि ते बीटा कणांसोबत २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरणही देते. त्यामुळे तेच औषध गॅमा कॅमेऱ्यावर पाहताही येते.

विच्छेदनाचा आकडा अचूक असतो, पण प्रत्येक वेळेसाठी नवे प्राणी लागतात. चार वेळा आणि दर वेळी पाच, असे २० प्राणी होतात. चित्रणात तेच पाच प्राणी चारही वेळा पाहता येतात, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. मात्र वारंवार चित्रण केल्याने किरणांची मात्रा साठत जाते. सीटी आणि ट्रेसर मिळून एका सत्रात माऊसला दहा-वीस मिलिग्रेपासून काहीशे मिलिग्रेपर्यंत मात्रा मिळू शकते. सत्रे जवळजवळ घेतली, तर गाठीच्या वाढीवरच तिचा परिणाम होण्याची शक्यता राहते. म्हणून सीटी कमी मात्रेवर घ्यावी, आणि चित्रण न केलेला एक छोटा गट शेवटपर्यंत ठेवावा.

शेवटच्या चित्रणानंतर निदान काही प्राण्यांची हाडे काढून गॅमा गणकात मोजावीत, म्हणजे चित्रातल्या आकड्याला प्रत्यक्षाचा आधार मिळतो. क्रम महत्त्वाचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहण्यासाठी हाड मऊ करणारे द्रव खनिज विरघळवते, आणि खनिजाला चिकटलेला ट्रेसर त्याबरोबर निघून जातो. म्हणून मोजणी आणि कापाची किरणोत्सारी छायाप्रत आधी करावी, हाड मऊ करणे नंतर. दहा अर्धायुष्ये उलटेपर्यंत नमुने शिशाच्या पेटीत ठेवावेत. फ्लोरीन-१८ला साडेअठरा तास पुरतात, टेक्नेशियमला अडीच दिवस, ल्युटेशियमला दोन महिन्यांहून अधिक. तोवर त्या पेटीवर अणूचे नाव, तारीख आणि मोजलेली मात्रा लिहिलेली असावी, आणि मऊ करण्यासाठी वापरलेले द्रवही किरणोत्सारी कचरा म्हणूनच त्याच नोंदवहीत धरावे.